मायच्या मसाल्याची भाजी

मानमोडीच्या तापाच्या साथीनं आमच्या घरातल्या दोन बाया नेल्या. आधी काकू गेली, मग पाच दिवसांनी माय. समोरच्या घरात बाबाचा दोस्त राहायचा, सुतारकाम करायचा. त्याचीही बायको त्याच पंधरवड्यात गेली. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अनसिंगकडच्या आमच्या खेड्यात त्या दिवाळीत कोणी दिवा लावला नाही.

त्यानंतर चूल माझ्याकडं आली. भाकर मला थापता यायची, पण भाजी जमत नव्हती. बाबा आणि काका शेतातून आले की मी केलेलं मुकाट्यानं खायचे. सुतारकाका स्वतःच्या घरी चूल पेटवत नसे. आमच्याच ओट्यावर येऊन बसायचा आणि वाढलं तर जेवायचा.

पौषात एक दिवस काकानं ताटातली करपलेली वांगी बोटानं बाजूला सारली. बाबा त्याला म्हणाला, "नावं ठेवाले सोपं हाय. तूच करून दाखव ना."

"मी करीन. तू करशील काय?"

असं बोलता बोलता पैज लागली. तिघांनीही एकेक जिन्नस रांधायचा, आपापल्या बायकोच्या हातचा. कोणाचा हुबेहूब झाला ते मी सांगायचं. कित्येक दिवसांनी काका हसला. सुतारकाका नको नको म्हणत होता, पण बाबानं त्याला सोडलं नाही. "तू बी ये. पोरीले तेवढाच विरंगुळा."

ठरल्या दिवशी सकाळी अंगणात तीन दगडांच्या तीन चुली मांडल्या. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, ज्वारीचं कणीस बोटाएवढं होतं. तरी काकानं वाशीमच्या बाजारातून जवसाचं तेल आणलं. तो बेसन, म्हणजे पिठलं, करणार होता. सुतारकाकानं ज्वारी भरडून कण्या शिजत टाकल्या. बाबानं वांगी चिरायला घेतली. मी त्यांना मीठ-तिखट काढून दिलं आणि पाण्याला विहिरीवर गेले.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मायच्या भाजीचा वास. डोक्यावर भरली घागर होती तरी मी पळत सुटले. माय मेली हे मला ठाऊक होतं. तिला नेताना मी पाहिलं होतं. तरीही पळाले.

अंगणात बाबा आपल्या कढईपुढं उकिडवा बसला होता. बाजूला मायचं मसाल्याचं मडकं आडवं पडलेलं होतं. उतरंडीच्या तळाशी मी ते लपवून ठेवलं होतं. घरात कोणी नसलं की फडकं सोडून मी वास घ्यायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. बाबानं ते शोधून काढलं होतं. आत चार बोटं मसाला उरला होता, तो सगळा त्यानं तेलात टाकला होता. तेल फार तापलेलं होतं. मी जवळ पोचेस्तोवर तो करपलासुद्धा.

मी घागर उतरवली आणि पानं मांडली.

आधी कण्या खाल्ल्या. नुसत्या मिठाच्या होत्या, वर ताक. काका म्हणाला, "अरे, हे त बिमाराचं खाणं."

सुतारकाका खाली पाहत म्हणाला, "तिनं मले शेवटी हेच करून घातलं. मी तापात होतो. दोन दिवस भरवत राह्यली. तिचं बी आंग तापलं होतं, हे मले तिनं सांगतलंच नाई. तिसऱ्या दिवशी मी उठलो, अन् ती पडली."

मी बेसन वाढायला घेतलं. काकाचं बेसन चांगलं झालं होतं. काकूच्या बेसनासारखंच पातळ, लसणाचं. मग बाबाची भाजी. ती कडू झाली होती.

"बोल बाई," बाबा म्हणाला. "कोणाचं जमलं?"

"काकाचं."

"अन् माह्यं? वास त तोच होता ना?"

"तो मसाला सरला बाबा," मी म्हणाले. "मायचा तेवढाच होता."

बाबानं मडक्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तू ते जपून ठेवलं, हे मले कोणं सांगतलं असतं बाई? मले वाटलं, त्यानं तुले बरं वाटीन." त्यानं ती कडू भाजी सगळी आपल्या पानात घेतली आणि शेवटपर्यंत खाल्ली. काकानं मधे त्याचा हात धरला, तर बाबानं तो झटकला.

उन्हाळ्यात बाबानं तो मसाला करून पाहिला. गावातल्या बायांना विचारत फिरला. कोणी धने जास्त सांगितले, कोणी खोबरं, कोणी दगडफूल. दोनदा कुटला आणि दोन्ही वेळा मला हुंगायला दिला. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी हो म्हणायला काय हरकत होती, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर बाबा राहिला नव्हता.

सुतारकाका पुढच्या पावसाळ्याआधी गाव सोडून दूरच्या मुलुखात कुठंतरी कामाला गेला. त्याची खबर आली नाही. वर्षभरानं बाबानं पाट लावला. नवी बाई तिकडं मानोऱ्याकडची होती. तिचाही नवरा आणि एक लेकरू त्याच तापात गेलं होतं. तिनं आपला मसाला सोबत आणला होता. तिच्या हाताला चव होती. मी पोटभर जेवू लागले, आणि दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मायच्या भाजीची चव मला आठवेनाशी झाली.

माझं लग्न होईपर्यंत आम्ही दोघींनी एका चुलीवर रांधलं. तिनं मला मायचं काही विचारलं नाही. मी तिला तिच्या लेकराचं विचारलं नाही.