धुतलेला गालिचा वाळवायचा कशावर?

मंडळी, आज दुपारी सांगलीत दादाच्या नातीबरोबर मशिनच्या दुकानात गेलो होतो. मंजिरी गालिचे धुण्याचा धंदा सुरू करतेय. दुकानदार फिरत्या ब्रशचं मशिन कौतुकानं दाखवत होता. ही मात्र विचारत होती, "धुतल्यावर पाणी किती ओढून घेतं? आणि वाळवायचा पंखा कुठला?"

मी मनात हसलो. सत्तरच्या दशकात फौजेतून आल्यावर माझ्या दादानं रहिमतपुरात हाच धंदा काढला होता. ब्रश, साबण, हौद, सगळं जमवलं. पहिलंच काम आलं ते लग्नघरच्या लोकरी गालिच्याचं. धुतला झकास, पण भिजून इतका जड झाला की वाळत घालायची दोरीच तुटली. लग्न दुसऱ्या दिवशी. गालिचा ओलाच परत गेला असता, तर पुन्हा कुणी काम दिलं नसतं.

शेजारचे तुकातात्या म्हणाले, "आरं फौजी, धुवायचं समदं आणलंस, वाळवायचं कायच न्हाई व्हय?" आणि हसत हसत आपली उसाची गाडी घेऊन आले. मागोमाग आळीतल्या आणखी दोन गाड्या आल्या. बैल सोडून गाड्या ओळीनं लावल्या, वर गालिचा पसरला. खालून वारा, वरून ऊन. संध्याकाळपर्यंत खडखडीत!

ही गोष्ट ऐकतच वाढलेल्या मंजिरीनं आज सगळ्यात आधी पंखा घेतला. पहिलं गिऱ्हाईक कोण, असं मी विचारलं.

"तुकातात्यांच्या घरचा गालिचा, आजोबा. आणि पैसे घ्यायचे नाहीत."

तुमच्या पहिल्या कामाला कुणाची गाडी धावून आली होती?