दाजी सांगतील तेव्हा

दाजी शेत चाखून बघायचे. मृग लागून पाऊस चांगला स्थिरावला की आमोण्याच्या खाजनात ते गुडघाभर चिखलात उतरत, एक बोट पाण्यात बुडवून जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. बांधावर थांबलेल्या माणसांचं बोलणं तेवढ्यापुरतं बंद पडे. मग ते थुंकत, पंच्याला बोट पुसत आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळत. चारही कोपरे झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. कुणी घाई केलीच तर म्हणत, "एका शितान भात कळता, एका कोपऱ्यान शेत कळना."

आमचं खाजन म्हणजे मांडवीच्या काठची खोलगट जमीन. भरतीच्या वेळी नदीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं. मध्ये मातीचा बांध आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने ती मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. दाजी त्या मानशीचे राखणदार होते. उन्हाळ्यात जमिनीत मीठ चढतं. पावसाने ते धुऊन मानशीतून बाहेर गेलं, की कोरगूट पेरायचं. कोरगूट हे आमचं तांबडं, कुसळांचं भात. मोठं झालं की थोडं मीठ सोसतं, पण कोवळ्या मोडांना ते सोसत नाही. पाणी सगळ्यांचं एक आणि दारही एक, म्हणून पेरणी एकाच दिवशी करायची, आणि तो दिवस दाजींनी सांगायचा. आधी ते बी भिजवायला सांगत. घरोघर टोपल्यांत पेंढ्याखाली बियांना मोड येत. मग ते पुन्हा एकदा चाखून म्हणत, "मीठ देंवलें. फाल्यां बी घालूंया." मीठ उतरलं, उद्या पेरायचं. एवढं ऐकलं की माझी आईसुद्धा दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक पहाटेच उरकून घेई.

या कामासाठी दाजी जीभ राखत. पान-तंबाखू त्यांनी कधीच सोडलं होतं, आणि मृग लागल्यापासून पेरणी होईपर्यंत ते मीठही खात नसत. पावसाळ्यात आमच्याकडे ताजी मासळी नसते. घरोघर खारवलेला बांगडा भाजल्याचा वास सुटतो आणि लोणच्याच्या बरण्या उघडतात. अशा दिवसांत दाजी अळणी पेज पीत बसत. त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची काकी, आल्यागेल्याला सांगे, "देवाक बोकड दितात, हांणी शेताक आपली जीभ दिल्या." दाजी हसून तिच्यापुढे आणखी पेजेसाठी वाडगा धरत.

मी डिचोलीला इंग्रजी शाळेत जात होते आणि घरी आलेल्या माणसांपुढे तोंड उघडत नव्हते. कुणी आलं की मला इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखवायला सांगायचे आणि मी दाराच्या पडद्यात शिरायचे. दाजींनी मला कधी काही म्हणून दाखवायला सांगितलं नाही. एकदा वडील माझ्या गप्प राहण्यावरून चिडले, तेव्हा दाजी म्हणाले, "आमची मानस खंय उलयता? काम करता मगो." मानस कुठे बोलते, काम तर करतेच ना. त्यानंतर मी मोकळेपणाने त्यांच्यामागून बांधावरून फिरू लागले. ते खेकड्यांनी पाडलेली भोकं पायाने चाचपत पुढे चालत आणि मी मागून चिखलाचे गोळे देत असे. दोघांनाही बोलायची गरज पडत नसे. कधी ते मलाही चाखायला लावत. मी कशीबशी "खारट" म्हणे, आणि ते गंभीरपणे मान हलवत, जणू माझ्या मताची त्यांना खरोखरच गरज होती.

मी वरच्या वर्गांत गेले तोपर्यंत त्यांच्या बोलण्यात काळजी यायला लागली होती. पूर्वी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच पाणी बांधाच्या माथ्याशी येई. आता ते अधल्यामधल्या तिथींनाही यायला लागलं. पावसाला झड धरवेना. एका दुपारी तो ढोल वाजवल्यासारखा कोसळे आणि मग कितीतरी दिवस कडक ऊन पडे. कापणीच्या वेळी मात्र, अगदी तुळशीच्या लग्नापर्यंत, तो अंगणात उभा असे आणि पडलेल्या कणसांना तिथल्या तिथे मोड येत. लोक म्हणत, यंदाचा पाऊस पिसाट आहे. दरवर्षी ते 'यंदाचा'च म्हणत. दाजी एवढंच म्हणाले, "पावस येता, पूण रावना." येतो, पण टिकत नाही.

मग ते वर्ष आलं. मृग कोरडा गेला. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असताना अचानक असा पाऊस पडला की खाजन काठोकाठ भरलं. मानस धडाधडा वाहिली. दाजींनी चारही कोपरे चाखले, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखले. पाणी गोडं होतं. आमच्याकडे एरवी थोडं बी मागे ठेवायची रीत आहे, पहिलं गेलंच तर पुन्हा पेरता यावं म्हणून. पण हंगाम उशिरा सुरू झाला होता, दुसऱ्या पेरणीला वेळ उरला नव्हता. दाजी म्हणाले, मागे काही ठेवू नका, एकदाच दाट पेरा. सगळ्यांनी ऐकलं. खाजनात त्या दिवशी हसणं-खिदळणं चाललं होतं, बायका एकमेकींवर चिखल उडवत होत्या. काकीने सगळ्यांना गूळ वाटला.

पेरणीनंतर पाऊस गेला. आकाश वैशाखासारखं निळं झालं. शेतातलं पाणी आटलं, चिखलाला भेगा पडल्या आणि खालचं मीठ वर आलं. सकाळी उन्हात जमीन पांढरी दिसायची. हिरवे कोंब आधी टोकांना पिवळे पडले, मग आडवे झाले. दाजी रोज बांधावर जाऊन बसत. नदी भरलेली होती, पण तिचं पाणी खारं. दार उघडून उपयोग नव्हता आणि बंद ठेवूनही नव्हता.

कुणीही त्यांच्या दारात जाऊन भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. फक्त पोदेराकडून पाव घेताना शेजारचा एक जण दाजींना ऐकू जाईल असं बोलला, "जिबेक खंयचें तरी लोणचें लागलां आसतलें." दोघं-तिघं हसले. दाजींनी पाव घेतले, सुटे पैसे नीट मोजून दिले आणि निघून आले. घरी आल्यावर त्यांनी काकीला विचारलं, "तुवें पेजेंत मीठ घाललें?" काकीने मला हे सांगितलं तेव्हा तिला रडू आवरेना. बावीसेक वर्षं तिने त्या दिवसांत त्यांची पेज वेगळ्या भांड्यात शिजवली होती.

डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या पाण्यावर, दाजींची एक लहानशी पट्टी होती. तेवढंच कोरगूट वाचलं. त्यांनी त्यातलं एक शीतही खाल्लं नाही. सगळं बियाण्याला ठेवलं आणि पुढच्या वर्षी घरोघर स्वतः नेऊन दिलं. कुणाच्याच शेताला ते पुरणार नव्हतं. बऱ्याच जणांनी शेतकी कचेरीतून बुटक्या जातीचं बी आणलं होतं. तरीही सगळे रिवाजाप्रमाणे बांधावर जमले. त्यात तो टोमणा मारणाराही होता. त्याने छत्री दाजींच्या डोक्यावर धरली होती.

दाजी पहिल्या कोपऱ्यात उतरले, मग दुसऱ्या. चारही झाले. मग पुन्हा पहिल्यात गेले. पाऊस पडत होता आणि माणसं वाट बघत होती. शेवटी ते वर आले आणि म्हणाले, "म्हाका कळना." कुणाला ते खरं वाटलं नाही. आई म्हणाली, "दाजी, तुमी सांगा, चुकलें तरी चलता." त्यांनी मान हलवली. पाणी गोडं आहे ते कळतं, म्हणाले, पण पाऊस राहील की नाही ते पाण्यात नाही. ज्याने त्याने आपलं बघावं.

ज्याने त्याने आपलं बघितलं. कुणी त्याच आठवड्यात पेरलं, कुणी नंतर. एकाला पाणी सोडायला हवं होतं तेव्हा दुसऱ्याला अडवायला हवं होतं. मानशीवर पहिल्यांदाच भांडणं झाली. बुटकं भात एका जोराच्या पावसात बुडून कुजलं. त्यानंतर दरवर्षी पडीक तुकडे वाढत गेले.

मी पुण्याला शिकायला गेले. तिथे 'हवामान बदल' हा शब्द मी पहिल्यांदा वर्गात नीट ऐकला. समुद्राची वाढती पातळी, पावसातले खंड, खाऱ्या जमिनी. फळ्यावर आमचं खाजन कुणीतरी गावाचं नाव न घेता मांडत होतं. मी सुट्टीत आले तेव्हा दाजी अंथरुणाला खिळले होते. मी बोलायचं ठरवून गेले होते. अडखळत, त्यांना कळेल असं सांगितलं की सगळ्या जगातच ऋतू बिघडलेत, मोठमोठ्या माणसांनाही पाऊस नेमका सांगता येत नाही, आणि तुमची जीभ चुकली नव्हती. माझं एवढं लांब बोलणं त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं असेल. ते पूर्ण होईपर्यंत थांबले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "जगाचें आसूं दी गो बाय. लोकांनी म्हज्या सांगण्यार बी घाललें."

 

दाजी त्याच वर्षी शिमग्यानंतर गेले. तिरडी बांधावरून नेली, कारण स्मशानाची वाट तिथूनच आहे. बांध एका ठिकाणी इतका खचला होता की खांदेकऱ्यांना एकेका पायाने अंदाज घेत जावं लागलं.

आमचा तुकडा आई अजून करते. काकीने दिलेलं मूठमूठ बी वाढवत तिने पुन्हा टोपलीभर कोरगूट केलंय. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. बियांना मोड आले होते. "तुज्या फोनार पावसाचें दिसता मगो? तूं सांग, फाल्यां घालूं?" तिने सहज विचारलं. मी पडद्यावरचे ढग बघितले, दुसऱ्या संकेतस्थळावरचा अंदाज बघितला, तिसऱ्यावरचाही. तिन्ही अंदाजांचं एकमेकांशी जमत नव्हतं. आई म्हणाली, "गप्प कित्याक? वाट पळयत आसां." ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "घाल."

मग पुढे कितीतरी दिवस मी रोज घरी फोन करत होते. आईला वाटायचं मला करमत नाही. ती घरातलं काहीबाही सांगत राहायची आणि मी फोन कानाला घट्ट लावून तिच्या मागे कौलांवर पाऊस वाजतोय का ते ऐकत असायचे.