पडवीच्या तीन कमानी

"कमानींना हात लावायचा नाही. गावाची शान आहे ती," ओव्हरसियर साहेब म्हणाले. मी थापी घेऊन उभा. सरपंचाला पडवी बंद करून वर्ग पाहिजे होता. पोरं वाढली होती, तिसरी पडवीतच भरायची. पावसाचे शिंतोडे सरळ पाट्यांवर.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमचं गाव लोधीखेड्याजवळ. शाळा इंग्रजांच्या वेळची. वर सागवानाच्या फाट्यांवर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, समोर पडवी, तिला चुन्यात बांधलेल्या तीन कमानी. मी गवंडी, शिक्षण दुसरी. बायको शेवंता माझ्याच हाताखाली रेजा, म्हणजे माल वाहणारी.

तिनं घमेलं खाली ठेवलं.

"साहेब, शान तुमची. माहा बाप याच कमानीखाली बसून शिकला. आमच्या लोकायले आत घेत नव्हते. गुरुजी आत शिकवे, हा भाईरून आयके. आता पोरायले तरी आत बसवा."

साहेबांनी वर कमानींकडे पाहिलं. "मग काय, पाडायच्या?"

"पाडता काहून? माह्या बापाले सावली त्यायनंच देल्ली."

मी चिडलो. "पाडू नका म्हन्ते, ठेवू नका म्हन्ते. करू काय मी?"

"मिस्त्री तुमी हा का मी?"

साहेब हसले. मला म्हणाले, "नवी भिंत कमानींच्या वीतभर मागे घे. जुन्या खांबांना जोडू नको."

"मंग उभी कशी राहीन?"

"दोन्ही टोकं शाळेच्या भिंतींना बांध. नऊ इंची कर."

बरोबर होतं. कमानीच्या मधोमध पाचरीसारखी वीट असते, तिला आम्ही चावी म्हणतो. भिंत जोडायला खांबात खाच पाडताना हादरे बसले अन् चावी ढिली झाली, की कमान गेली. म्हणून मी खांबांना छिन्नी लावलीच नाही. भिंत मागून नेली, खिडक्या ठेवल्या.

भिंत झाली त्या दिवशी शेवंता आत जाऊन टेकून बसली.

"ऊठ, प्लास्टर ओलं हाये!"

"असू द्या."

लुगडं पाठीवर चुन्यानं पांढरं झालं. माझं प्लास्टरही बिघडलं. तेवढी जागा पुन्हा घोटावी लागली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. शाळा उभी आहे. नागपूरची माणसं येतात, कमानींचे फोटो काढतात. मागची भिंत कोणी पाहत नाही. मी तीच पाहतो.

जुन्या इमारतीला हात लावण्याआधी विचारावं, इथं कोण बसत होतं. मला विचारावं लागलं नाही, घरातलंच माणूस बोललं. आता घरात कोणी बोलत नाही.