दोघांनी उचलायची फळी

एका सोमवारी हे वारले. महिन्याने त्यांची सर्फिंगची फळी क्लबला देऊन मी किनाऱ्यावरून परत निघाले.

आमच्या गावचा सर्फिंग क्लब एकाच लांब, जड फळीवर सुरू झाला. ती पाण्यापर्यंत न्यायला दोघं लागत. पुढे हलक्या फळ्या आल्या, पण एकट्याने उचलायची नाही ही रीत राहिली. ओझ्यापाशी जमलेली माणसं ओझं कमी झाल्यावरही पांगत नाहीत. मी लाटेवर कधी गेले नाही. यांच्या फळीचं मागचं टोक धरायचे, तेवढीच क्लबची होते. आता तेही संपलं, असं वाटलं.

"काकी, खंय चल्लास?" यांच्यासोबत लाटांवर जाणारा बाबल ओरडला.

"फळी दिली ना रे."

"फळी दिलास, हात नाय दिलास! माझी धरा मागसून."

आता रोज सकाळी मी कुणाबरोबर तरी एक फळी पाण्यापर्यंत नेते.