पोत्याचा हर्निया

माझा हर्निया सासऱ्यांच्या तांदळाच्या पोत्यामुळं झाला, हे आमच्या दोन्ही घरांत ठरून गेलं होतं. ठरवणारा मीच. पाटणहून निघताना त्यांनी दिलेलं पोतं मी गाडीत टाकलं आणि जांघेत कळ आली, एवढं खरं. त्याआधी वर्षभर मी खोकत होतो, ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही. म्हणजे मला.

खोकला सिगारेटचा. कराडला इंजिनिअरिंगला असताना मोठं दिसावं म्हणून धरली. पुढं साखर कारखान्यात लागलो. सीझनला जागं राहायला ओढली, सीझन संपल्यावर करमेना म्हणून ओढली. घरी पत्ता नव्हता. (कारखान्याच्या मळीच्या वासापुढं सिगारेटची काय टाप!)

सासरे, म्हणजे मामा, रिटायर सुभेदार. त्यांचे थोरले भाऊ बिड्या ओढून ओढून छातीनं गेले. आमचं लग्न ठरवताना त्यांनी पगार नाही, शेती नाही, एवढंच विचारलं, "वडत न्हाई नव्हं?" मी मान हलवली. (कुठल्या बाजूला, ते आता आठवत नाही.)

त्यात हे पोत्याचं पाप त्यांच्या माथी. ऑपरेशनसाठी मी, बायको आणि मामा मिरजेला गेलो, तर माझी पिशवी, थर्मास, सगळं त्यांच्या खांद्यावर. "माज्या तांदळानं जावयाचा घात केला गड्या," असं रिक्षावाल्यालाही सांगून झालं. मला लाज वाटत होती, पण खरं बोलायचा धीर होत नव्हता.

भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सिगारेट, बिडी काही?"

"न्हाई वो मॅडम," मामाच परस्पर बोलले. "आमचं पावनं सुपारी बी खात न्हाईत."

मी छताकडं बघितलं.

फुप्फुसांचा दम बघायला बाईंनी माझ्या हातात प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. तीन नळकांड्यांत तीन रंगीत गोळ्या आणि बाहेर एक नळी. मी जोरात फुंकर मारली. गोळ्या ढिम्म.

"फुंकू नका," बाई म्हणाल्या. "ओढा."

ओढा म्हटल्यावर माझ्या हाताला वेगळं शिकवावं लागत नाही. नळी आपसूक दोन बोटांत गेली, डोळे अर्धे मिटले, आणि मी ओढलं. एक गोळी जेमतेम उठली आणि बसली. खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर मी नळी तोंडातून काढली आणि टिचकी मारून राख झाडली.

राख नव्हती. पण ती पडताना सगळ्यांनी बघितली.

"आणि मी मळीचा वास म्हणून कपडे भिजवतेय," बायको म्हणाली.

मामांनी थर्मास खाली ठेवला. "पावनं, पोतं माज्या डोस्क्यावर कशापायी ठिवलंसा?"

उत्तर बाईंनी दिलं. "हर्निया खोकल्यानं आणलाय, पोत्यानं फक्त दाखवला. या वयात एकच गोळी उठते, ही फुप्फुसांची रड वेगळीच. आधी सिगारेट सोडा, खोकला थांबू दे, मग ऑपरेशन. नाहीतर एका उबळीत टाके उसवतील."

ऑपरेशन पुढं गेलं. मामा मात्र माघारी पाटणला गेले नाहीत. आमच्याकडं मुक्काम ठोकला, आणि सकाळ-संध्याकाळ समोर बसून मला ते खेळणं ओढायला लावायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, "थोरल्या दादाम्होरं मी असा बसलो न्हाई, त्येची लय बोच हाय. आता वडा." मी ओढायचो. सिगारेट सुटली, तिन्ही गोळ्या उठल्या, ऑपरेशनही झालं.

मध्ये बरेच महिने गेले. परवा पाटणला गेलो, तर ओसरीवर पोतं तयार.

"मामा, मला जड उचलायची बंदी आहे."

"उचला कोन म्हनतंय? वडा. सवय हाय तुमास्नी."

पोतं ओढत अंगणात आलो. निम्म्या वाटेत दम लागला म्हणून उभा राहिलो, तर मागून शांतपणे आवाज आला, "राख झाडा, आन् चला."