रुमालाखालचा पिन

मागच्या महिन्यात एका मंगळवारी, साताऱ्यात ऑफिसात जेवायला बसले होते. डब्याचं झाकण उघडलं आणि मोबाइल वाजला. क्रेडिट कार्डाचा ओटीपी... अठ्ठ्याहत्तर हजारांचा. मी तर काहीच घेतलं नव्हतं.

कार्ड माझं, पण त्यावरचं एक जोडकार्ड सांगलीला सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे असतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं, तेव्हा बिलं भरायला सोपं पडावं म्हणून काढून दिलं होतं. ओटीपी आला की दोघांच्याही फोनवर येतो. आणि नेमका त्याच दिवशी सासूबाईंचा डिस्चार्ज होता.

आधी वाटलं, हॉस्पिटलचंच बिल असेल. मग लक्षात आलं, काउंटरवर मशीनला पिन लागतो, ओटीपी नाही... हे तर कुणीतरी ऑनलाइन काहीतरी घेतंय. अण्णांना फोन लावला तर एंगेज.

मग दुसरा ओटीपी आला. मग तिसरा. अण्णांचा फोन एंगेजच. कोण बोलत असेल त्यांच्याशी एवढा वेळ, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही.

खरं सांगायचं तर हे कार्ड हौसेनं घेतलं होतं ते मीच. घेताना बघितलं काय, तर एअरपोर्टच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश. आजवर विमानात एकदाही बसलेले नाही. वर्षाची फी किती, थकलं तर व्याज किती, ऑनलाइन वापर बंद कसा ठेवायचा, यातलं अक्षरही वाचलं नव्हतं. वर ऑपरेशनसाठी म्हणून लिमिट दोन लाखांवर नेलेली. नवरा नको म्हणत होता.

आता कार्ड ब्लॉक करायचं, एवढंच तर काम होतं. पण अण्णा काउंटरवर उभे असतील आणि कार्ड चाललं नाही तर? चाळीस वर्षं सांगलीच्या हळदीच्या पेठेत दलाली केलेला माणूस, ज्याच्या नुसत्या शब्दावर पोती हलायची... त्याला चारचौघांत कुणी 'कार्ड चालत नाही' म्हणावं? मी ॲप उघडलं, बंद केलं, परत उघडलं. दोनदा पासवर्ड चुकला. डब्यातली भाकरी तशीच.

आणि मला ती साडीच्या दुकानातली गोष्ट आठवत राहिली. हे कार्ड नवं होतं तेव्हाची. पिन टाकायची वेळ आली, तर अण्णांनी खिशातून रुमाल काढला, मशीनवर पसरला आणि त्याखाली हात घालून चाचपत आकडे दाबले. काउंटरवरच्या बाई हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूर्वी हळदीच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात हातात घेत आणि बोटं दाबून आकडा ठरवत. बाजूला उभ्या माणसालाही कळायचं नाही. ती सवय अण्णांच्या हातातून गेलीच नाही. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ते दिवस गेले. आता कोण बघतंय?"

त्याच दिवशी येताना पेट्रोल भरलं. मी गाडीत बसूनच कार्ड बाहेर दिलं आणि पिन ओरडून सांगितला. अण्णांनी आपल्या बाजूची काच घाईघाईनं वर केली.

...पंचवीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "अण्णा, कुणाला नंबर सांगितलात का?"

"अगं, बँकेतनं बोलतोय म्हणला एक जण. वर्साची फी माफ करतो, आलेला आकडा सांगा म्हणला."

"मग? सांगितलात?"

"आकडा तोंडानं सांगत्यात व्हय कवा? मी म्हणलं, सांगलीला पेठेत या, हात द्या. रुमालाखाली सांगतो." मग जरा थांबून म्हणाले, "लय येळ मागं लागला हुता. माझं आपलं एकच... हात द्या. शेवटी त्योच वैतागला. आणि बिल कवाच भरलंय, तुझी सासू रिक्षात बसलीया."

मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर रडले.

मग बँकेला फोन करून दोन्ही कार्डं बंद केली. नवी आली, त्यांचा ऑनलाइन वापर बंद ठेवलाय आणि लिमिट खाली आणलीय. पण त्या माणसाला कार्डाचा नंबर मिळाला कुठून, हे संध्याकाळी आठवलं. आठवड्यापूर्वी 'फी माफ' अशी एक लिंक मला आली होती... आणि त्यात दोन्ही कार्डांचे नंबर, अण्णांच्या मोबाइल नंबरासकट, मीच भरले होते. एमकॉम झालेल्या सुनेनं. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "हुतंय." बस, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

या रविवारी सांगलीला गेले होते. पुन्हा तोच पेट्रोल पंप, अण्णा शेजारच्या सीटवर. मी खाली उतरले, मशीन हातात घेतलं आणि खिडकीशी जाऊन म्हटलं, "अण्णा, रुमाल देता जरा?"

त्यांनी खिशातून घडी काढून दिली.  आणि मी आकडे दाबेपर्यंत त्यांनी मान पलीकडे वळवून धरली होती... सुनेचा आकडा आपल्यालाही कळू नये म्हणून.