तांब्याचे तीन डबे

पडदा वर जातो तेव्हा दुकान रिकामं आहे. उत्तरेच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. दिवा नाही, कारण इथे ज्योतीला मज्जाव. फळीचे खिळेसुद्धा पितळेचे, लोखंडाची ठिणगी नको म्हणून. फळीवर तांब्याचे तीन डबे, खाली तराजू आणि पांढऱ्या कागदांचा गठ्ठा. मग आतल्या दारातून कापडी सपाता घासत तो येतो, सदऱ्याच्या बाह्या दुमडतो आणि समोर भरगच्च प्रेक्षागृह असावं तसा उभा राहतो.

त्याला सगळे दाणेकाका म्हणायचे. ठासणीच्या बंदुकांची काळी दारू तो विकायचा. या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वरून गोळी गजाने ठासायची. गावाबाहेरच्या टेकडीखाली दर रविवारी हौशी नेमबाज जमत, आणि शनिवारी ते सगळे याच्या दारात असत. दारू काय, सगळी सारखीच, असं कुणी म्हणालं की हा त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करायचा.

“डावीकडे जाड दाणा, मोहरीएवढा,” तो सांगायचा. “सावकाश जळतो, गोळीला ढकलत नेतो. मधला खसखशीएवढा. उजवीकडचा बारीक, रव्यासारखा, एका दमात भडकतो. रुंद नळीला जाड, अरुंद नळीला बारीक. आणि नळी गंजून पातळ झाली असेल तर माझं ऐका, नाहीतर घरच्यांचा निरोप घेऊन या.”

मग त्याचा खास प्रवेश. चिमूटभर दारू बोटांत घ्यायची, डोळे मिटायचे, अंगठा हळूहळू फिरवायचा आणि खड्या आवाजात दाणा सांगायचा. काही घ्यायचं नसतानाही लोक ते बघायला थांबायचे. डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. “चिठ्ठ्या लावायला हे औषधाचं दुकान आहे का?”

फक्त एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. साखरेच्या आजाराने दोन वर्षांपूर्वीच त्याच्या बोटांची जाणीव नेली होती. चहाचा कप चटका देत नव्हता, शर्टाचं बटण हाताला लागत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात काळ्या दारूचं काळं. तो डबा जागेवरून ओळखायचा, बाकी सगळा अभिनय. अभिनय मात्र असा वठत होता, की घरात राहणाऱ्या लेकीलाही कळलं नसेल अशी त्याची खात्री होती.

त्या शनिवारी निवृत्त टपालवाला आला. दोघं शाळेपासूनचे दोस्त. त्याची बंदूक आजोबांची, रुंद नळीची, आणि नळी गंजाने खाल्लेली.

“काय रे, डोळे मिटतोस की उभ्या उभ्या झोपतोस?”

“तू पत्रं वाटताना झोपायचास, लेका. अर्ध्या गावाची लग्नं त्यात मोडली.”

दुकान हसलं. दाणेकाकाने डाव्या डब्यातून चिमूट घेतली, डोळे मिटले, अंगठा फिरवला. “जाड!” कागदावर दारू ओतली, पुडी बांधली, आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली.

“थांबा हं काका,” शेजारी उभी असलेली लेक टपालवाल्याला म्हणाली. “कागद फाटलाय. दुसऱ्यात बांधून देते.” ती पुडी घेऊन वळली, फळीपाशी काहीतरी केलं आणि टपालवाल्याच्या हातात नवी पुडी दिली.

दुपारी लेक आत गेली असताना त्याचा हात फळीखालच्या खणात गेला. तिथे ती पुडी होती. दुहेरी गाठ जशीच्या तशी. ओठांवरून कागद फिरवून पाहिला, कुठेही फाटलेला नव्हता. खिडकीत नेऊन त्याने पुडी सोडली आणि भिंग धरलं. रवा. काळा रवा.

त्या पातळ नळीत हा रवा ठासून उद्या सकाळी टपालवाल्याने बंदुकीला गाल टेकवला असता.

लेक बाहेर आली तेव्हा तो स्टुलावर बसला होता.

“कागद फाटला नव्हता.”

“नव्हता.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“वर्ष झालं. तुम्ही उलटा सदरा घालून दिवसभर दुकानात होता ना, तेव्हापासून.”

“आणि असं किती वेळा झालं?”

“आजच. सकाळी फळी मी पुसली, डबे उलटे लावले. चूक माझी आहे, बाबा.”

“गप्प का राहिलीस?”

“तुम्ही डोळे मिटता तेव्हा फार छान दिसता.”

त्याने ती दारू चिमूट चिमूट करून पुन्हा डब्यात भरली. अर्धी खाली सांडली, तेही त्याला लेकीने सांगितल्यावरच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. तो दाराजवळच्या खुर्चीत बसू लागला. कुणी गंमत करायला सांगितली तर म्हणायचा, आज नको, सर्दी झालीय. त्याची सर्दी तीन महिने चालली. जेवण कमी झालं, बाह्या दुमडणंही सुटलं. सगळ्यात जड जायचं ते टपालवाल्याचं कौतुक. तो दर शनिवारी नव्या माणसाला आणून खुर्चीसमोर उभा करायचा. “हाच तो! याच्या बोटांना डोळे आहेत. माझी म्हातारी बंदूक याच्याच भरवशावर उडते.” दाणेकाका मान खाली घालायचा, लोकांना वाटायचं, केवढा विनय!

थंडी सरता सरता एका शनिवारी दुकान गच्च भरलं होतं. टपालवाल्याने पुन्हा तेच सुरू केलं. दाणेकाका खुर्चीचा हात धरून उठला. लेकीने ओळखलं. ती पुढे झाली, “बाबा, असू द्या ना,” म्हणाली. त्याने तिला हाताने थांबवलं. बाह्या दुमडल्या, खूप दिवसांनी. सगळ्यांना वाटलं, आता डोळे मिटणार. त्यानंतर दोनच दिवसांनी, सोमवारी पहाटे, तो झोपेतच गेला. मधल्या दिवसभरात तो कुणाशी बोलला नाही, त्यामुळे त्याचं शेवटचं बोलणं त्या भरल्या दुकानातलंच. डोळे उघडे ठेवून, दोस्ताकडे बघून, पूर्वीच्याच खड्या आवाजात:

“त्या दिवशी तुला मी बारीक दाणा बांधून दिला होता. मला काही लागत नाही रे बोटांना. पोरीने बदलला म्हणून तू आज इथे उभा आहेस. यापुढे तिलाच विचारत जा.”